सोळा आणि एक्केचाळीस

चिठ्ठी

नाव: एड्ला स्टेनवाल. वय: अठ्ठ्याहत्तर.
रक्त घेतलं: अकरा फेब्रुवारी. मृत्यू: बारा फेब्रुवारी, हृदय बंद.
प्रथिन: सोळा.
रक्तात औषधाचा अंश: नाही.

शेवटची ओळ पुन्हा वाचा. एड्लाला चौदा महिने रोज दोन गोळ्या लिहून दिलेल्या होत्या. गावातल्या दुकानातून दर महिन्याला डबा नेला गेला, तिच्या सहीने. दर सोमवारी नर्स येऊन सात खणांच्या पेटीत गोळ्या भरून जायची. दर रविवारी पेटी रिकामी असायची.

मग गोळ्या कोण खात होतं?

आकड्यांचे नियम

हे प्रथिन सगळ्यांच्याच रक्तात असतं. चार ओंडके एकत्र बांधावेत तशी त्याची मोळी असते. आमच्या किनाऱ्यावरच्या काही घराण्यांत एक ओंडका जन्मतःच वाकडा येतो. मोळी सुटते, तुकडे वाहत जातात आणि पायांच्या नसांत, नंतर हृदयात साचतात. क्वार्नविकमध्ये त्या आजाराचं नाव कोणी घेत नाही. 'घरचं आलं' एवढंच म्हणतात.

ज्याची मोळी सरळ, त्याच्या रक्तात हे प्रथिन अठ्ठावीसच्या आसपास. ज्याची वाकडी, त्याच्या रक्तात सोळा ते अठरा. गोळी म्हणजे दोर. मूळची ती सांधेदुखीवरची जुनी गोळी, पण मोळी घट्ट बांधून ठेवते हे पुढे कळलं. दोर बांधला की आकडा चढतो. वाकड्या ओंडक्याच्या माणसाचा सव्वीस-सत्तावीसपर्यंत चढतो. त्यापुढे नाही. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी चौतीस वर्षं काढली, त्यापुढे गेलेला एकही पाहिला नाही.

हे लक्षात ठेवा. मी विसरले होते.

सोमवार: राग्ना

राजधानीहून आलेल्या तपासनीसाने गुन्हेगार ठरवून टाकला होता. नर्स राग्ना बुर्वाल. शुक्रवारी तिचा परवाना रद्द व्हायचा होता. रुग्णालयातल्या डॉक्टरने मला फोन केला, "योर्डिस, तू निवृत्त आहेस, तुला वेळ आहे. आकडे तुझ्याइतके कोणाला कळत नाहीत. एकदा बघ."

राग्ना आरोग्यकेंद्राच्या पायरीवर बसून बुटांना चिकटलेला बर्फ ठोकत होती. एप्रिल संपत आला होता आणि छपरावरून पाणी गळत होतं.

"आलीस? बस," ती म्हणाली. "कॉफी नाही देत. मी केलेली कॉफी सध्या कोणी पीत नाही."

"मी पिते."

"म्हातारपणी धाडसी झालीस."

"पेटी तू भरायचीस?"

तिने उत्तरादाखल ओठांतून सुस्कन आत श्वास ओढला. आमच्याकडचं 'हो' असंच असतं. तपासनीस पहिल्या दिवशी तिला दोनदा म्हणाला होता म्हणे, "तुला दम लागतोय का? पाणी हवं का?"

"गिळताना पाहायचीस?"

"सोमवारची सकाळची एक. बाकीच्या तेरा मी कशा पाहणार? आणि ती एकही तोंडात टाकायची, एवढं पाहिलं. जीभ वर करून बघायला एड्ला काय वासरू होती?"

"तपासनीस म्हणतो, नोव्हेंबरपर्यंत तिला औषध मिळत होतं. नोव्हेंबरच्या तपासणीत तिचा आकडा उत्तम आला होता, एक्केचाळीस. मग फेब्रुवारीत सोळा. म्हणजे मधल्या तीन महिन्यांत गोळ्या दुसऱ्या कोणी घेतल्या."

"आणि नोव्हेंबरमध्ये मी पन्नास वर्षांची झाले, डिसेंबरमध्ये माझ्या पायाला मुंग्या यायला लागल्या आणि डॉक्टर म्हणाला थांब, अजून गोळी देता येत नाही." तिने दुसरा बूट ठोकला. "माझ्यात ते आहे हे मला पंचविसाव्या वर्षापासून माहीत आहे. सगळं कसं छान जुळतंय. मी तपासनीस असते तर मीही मलाच पकडलं असतं."

"राग्ना, तू घेतल्यास?"

"नाही."

"मग कोणी घेतल्या असतील?"

ती एकदम उठली. "मी पेटी भरली. एवढंच लिही." दारात जाऊन ती वळली. "आणि टोर्ग्नीला त्रास देऊ नकोस. त्याची आई गेली आहे."

टोर्ग्नीचं, एड्लाच्या मुलाचं, नावही मी काढलं नव्हतं.

मंगळवार: दुकान

हार्टविग नोर्लेनच्या दुकानात पाव, गळ, रबरी बूट आणि शहराच्या औषधालयातून आलेली पाकिटं, सगळं एकाच खिडकीतून मिळतं. तो सुक्या मांसाचे काप करत होता. बोटाला पट्टी होती आणि पट्टी लाल.

"आत्ताच कापलं?"

"सकाळी. थांबतंय कुठलं! हृदयातली झडप बदलल्यापासून रक्त पातळ करायचं औषध चालू आहे. बारा वर्षं झाली. साधी डोकेदुखीची गोळीही घ्यायची नाही, डॉक्टरची सक्त ताकीद. दुकानभर गोळ्या आणि मालकाला एकही नाही! ऐकलंस का कुठे असलं?"

त्याच्या मागे भिंतीवर शाळेतला जुना फोटो होता. एका वर्षीची तीनच मुलं: हार्टविग, राग्ना, टोर्ग्नी स्टेनवाल. राग्ना आणि टोर्ग्नी एका बाकावर.

"तिघंही पन्नाशीचे झालात की."

"झालो. तुमच्या आरोग्यकेंद्राने लगेच सुई टोचली."

आमच्या भागात चाळिशी, पन्नाशी आणि साठीला प्रत्येकाला बोलावून तपासतात. रक्ताची एक नळी थंड कोठारात जाते, संशोधनासाठी; तिचा निकाल माणसाला कळवत नाहीत. तिच्यावर नाव नसतं, जन्मवर्ष आणि गावाचा क्रमांक असतो. ती कोणाची ते सांगणारी यादी कुलपात असते आणि माणसाच्या सहीशिवाय उघडत नाही.

"डबे कोण न्यायचं?"

"एड्ला स्वतः. ढकलगाडी घेऊन, बर्फातून. टोर्ग्नी आणून देतो म्हटलं तर म्हणायची, हे माझं काम आहे." तो थांबला. "टोर्ग्नी मात्र वर्षभर आम्लपित्ताच्या गोळ्या न्यायचा. डबेच्या डबे! मी म्हटलं, गड्या, आईचा स्वयंपाक झेपत नसेल तर लग्न कर. तर हसला. आता दोन महिने फिरकला नाही."

"लग्न होणार होतं ना त्याचं?"

हार्टविगने सुरी खाली ठेवली. "राग्नाशीच. अंगठ्या झाल्या होत्या. मग राग्नाने तपासणी केली, निकाल आला आणि तो म्हणाला, तुझ्यात आहे, माझ्यातही असणारच, दोघांचं मिळून पोरांच्या पानात कशाला वाढायचं? तिने विचारलं, असणारच कशावरून, तपास ना. तो म्हणाला, मला जाणायचं नाही. त्याला पंचवीस वर्षं झाली. अजून जाणायचं नाही त्याला."

तो पट्टी बदलायला आत गेला. मी फोटोकडे बघत राहिले. राग्ना किंवा हार्टविग खोटं बोलत होते असं मला वाटत नव्हतं. तेच अवघड होतं.

बुधवार: एड्लाचं स्वयंपाकघर

टोर्ग्नी खोक्यांत भांडी भरत होता. लाकडाच्या गिरणीत काम करणारे हात, कप वर्तमानपत्रात गुंडाळताना अगदी हळू. उठताना त्याने गुडघा धरला.

"काय झालं?"

"जुनं आहे. तरुणपणी ओंडका पडला होता. दोन वर्षांपूर्वी फारच लंगडायचो. मग आपोआप बरं झालं. गेल्या वर्षी मार्चमध्ये स्की बांधून चाळीस किलोमीटर गेलो बर्फावरून, हार्टविगला विचार. आता आईच्या अंत्यसंस्कारापासून पुन्हा धरलाय." तो ओशाळून हसला. "दुःख गुडघ्यात उतरतं वाटतं आमच्या घरात."

त्याने कॉफी उकळली आणि कपात चीजचे तुकडे टाकले, आमच्याकडे टाकतात तसे.

"इथेच यायचास रोज?"

त्याने आत श्वास ओढला. "सकाळी सहाला, गिरणीत जायच्या आधी. कप तयार असायचा. आणि जाताना थर्मास. पन्नास वर्षांच्या बाप्याला थर्मास भरून द्यायची. गिरणीतले चिडवायचे, दुपट्याचंही बघते का म्हणून." तो घोट घेऊन थांबला. "पण तिच्या कॉफीची चव मला जमत नाही. वर्षभर तिची कडवट व्हायची जरा. मी बोललो नाही. हातांतलं कळणं गेलं होतं तिच्या, मोजमाप कुठलं राहणार?"

चुलीशेजारी, कॉफीच्या किटलीला लागून, वेलदोडे कुटायचा पितळी खलबत्ता होता. आतून लखलखीत.

"एड्ला अजून वेलदोड्याचे बन भाजायची?"

"छे. हात बधिर झाल्यापासून नाही. दोन वर्षं ओव्हन पेटवला नाही."

वेलदोड्यांची बरणी फळीवर गच्च बंद होती, झाकणावर धूळ. मी कप खाली ठेवला.

"टोर्ग्नी, तू लंगडायचास तेव्हा एड्ला काही म्हणाली होती?"

"मामा असाच चालायचा, म्हणाली. तेवढंच. त्या विषयावर आम्ही बोलत नाही."

हे पान मला शेवटी लिहायचं होतं

हे आधी यायला हवं होतं. मी टाळत होते.

गेल्या नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. माझाही कामाचा शेवटचा आठवडा. टेबलावर हिरव्या मार्झिपानचा, बदाम-साखरेच्या लगद्याचा थर दिलेला केक, त्यावर माझं नाव. क्वार्नविकहून आलेल्या नळ्यांत दोन नळ्या शेजारी शेजारी होत्या. एक एड्लाची, नेहमीच्या तपासणीची. एक पन्नाशीची, बिननावाची.

एड्लाचा आकडा आला सोळा. बिननावाचा एक्केचाळीस.

गोळी घेणारीचा कमी आणि न घेणाऱ्याचा जास्त? मी हसलेच. नळ्यांची अदलाबदल झालेली उघड होती. लेबल लावताना होतं असं. नियम असा की संशय आला की दोन्ही नळ्या बाद करायच्या आणि पुन्हा रक्त मागवायचं. पण बाहेर बर्फ कोसळत होता आणि म्हातारीला त्यासाठी पुन्हा आरोग्यकेंद्रापर्यंत चालत यावं लागलं असतं. चौतीस वर्षांत माझा एकही निकाल चुकला नव्हता. मी दोन्ही आकडे एकमेकांच्या जागी टाकले, सही केली आणि केक कापला.

शहरातल्या डॉक्टरने एड्लाच्या नावापुढे एक्केचाळीस वाचलं आणि लिहिलं, 'औषध उत्तम लागू पडत आहे.'

तपासनीसाच्या हातातला एकुलता एक पुरावा, 'नोव्हेंबरपर्यंत औषध मिळत होतं', माझ्या हातचा होता.

उलगडा

आता आकडे मूळ जागी ठेवा. एड्ला सोळा. बिननावाचं माणूस एक्केचाळीस.

मुळात एक्केचाळीस हा आकडा एड्लाचा असूच शकत नव्हता. वाकड्या ओंडक्याच्या माणसाचा, कितीही दोर बांधा, सत्तावीसच्या पुढे जात नाही. हे मला झोपेतही माहीत होतं, फक्त त्या दिवशी आठवलं नाही. अदलाबदल झालीच नव्हती. नोव्हेंबरच्या आधीपासूनच एड्लाच्या पोटात गोळी जात नव्हती. सरळ मोळीचे अठ्ठावीसही गोळीशिवाय एक्केचाळीस होत नाहीत, म्हणजे ती पन्नाशीच्या तिघांपैकी एकाच्या पोटात जात होती.

राग्ना? तिच्यात आजार आहे. तिने दिवसाला चार गोळ्या खाल्ल्या असत्या तरी एक्केचाळीस येणार नाही. राग्ना सुटली.

हार्टविग? सांधेदुखीची ही गोळी रक्त पातळ करायच्या औषधाबरोबर वर्षभर घेतली असती, तर मला त्याच्या दुकानात नव्हे, थडग्यावर जावं लागलं असतं.

टोर्ग्नी. वर्षभर गुडघा दुखला नाही, कारण गोळी मूळची सांधेदुखीवरची. वर्षभर पोटात जळजळ, कारण ती गोळी पोटाला जाळते. वर्षभर कॉफी कडू. आई गेली आणि तिन्ही गोष्टी उलटल्या. एक गोळी सकाळच्या कपात, एक थर्मासमध्ये.

एड्लाने पोराला लंगडताना पाहिलं आणि तिला भाऊ आठवला. घरचं आलं, तिने ठरवलं. तो तपासणार नाही, आणि तपासलं तरी त्रास सुरू होईपर्यंत गोळी मिळणार नाही. तिच्याकडे गोळी होती. दिली. दोन महिन्यांत त्याचा पाय सरळ पडायला लागला. तिला वाटलं असेल, लागू पडतंय. मग ती कशी थांबणार?

तो फक्त ओंडक्याचा मार होता. एक्केचाळीस आकडा तेच सांगत होता: या माणसाची मोळी सरळ आहे. जन्मापासून.

हे समजलं तेव्हा मी गाडीत बसले होते, खाडीकाठी. गाडी सुरू करायला बराच वेळ लागला. राग्नाला वाचवायचं तर यादी उघडायला हवी होती. यादी उघडायची तर त्याची सही हवी होती. आणि त्याला जाणायचं नव्हतं.

गुरुवार: सही

"ही सही केलीस तर एक आकडा तुझ्या नावासमोर येईल," एड्लाच्या स्वयंपाकघरात मी टोर्ग्नीला म्हटलं. "राग्नावरचा आळ जाईल. पण मग तुलाही कळेल. नको असेल तर मी माझी चूक लिहून देते, तपासनीस काय मानायचं ते मानेल."

"मानेल का?"

"अर्धंच. गोळ्या कोणी खाल्ल्या हे विचारेलच. आणि राग्ना काही बोलत नाही. तिला अंदाज आलाय. तुला कळू नये म्हणून ती परवाना घालवायला निघाली आहे."

त्याने कागद जवळ ओढला. "तुझ्या तोंडावरून बातमी वाईट दिसते."

"वाईटच आहे. पण तुला वाटते ती नाही."

त्याने डोकं वर केलं. मग हळूहळू त्याची नजर चुलीकडे गेली, किटलीकडे, खलबत्त्याकडे. हात आपोआप गुडघ्यावर गेला. गिरणीतला माणूस, लाकूड कुठून चिरत जाणार हे बघून ओळखणारा.

"तिच्या गोळ्या," तो म्हणाला.

मी आत श्वास ओढला.

"आणि मला त्यांची गरज..."

"नव्हती."

"कधीच?"

"कधीच."

तो उठला, खिडकीशी गेला. खाडीवरचा बर्फ कडेने काळा पडला होता.

"एकदा त्या आजारासाठी रक्त तपासून घेतलं असतं," तो म्हणाला, "तर तिने स्वतः खाल्ल्या असत्या. हो ना? सुई तर पन्नाशीला टोचूनच घेतली होती. मी सुईला घाबरलो नव्हतो, योर्डिस. मला वाटायचं न विचारण्यात हिंमत आहे."

"माझंही ऐक. नोव्हेंबरमध्ये तिचा खरा आकडा माझ्या हातात होता. तो तसाच पाठवला असता तर तिच्यापुढे तीन महिने होते. मी तो बदलला."

"का?"

"तिला बर्फातून पुन्हा चालायला नको म्हणून. आणि मी चुकत नाही म्हणून."

तो वळला. मला वाटलं ओरडेल. मला ते हवं होतं. त्याने फक्त पेन मागितलं.

सही करून तो म्हणाला, "राग्नाला मी सांगतो. तू नको."

"काय सांगशील?"

"पंचवीस वर्षांपूर्वी तिने एक प्रश्न विचारला होता. असणारच कशावरून, म्हणाली होती." त्याने टोपी घातली, दाराशी थबकला. "उशीर झाला असं ती म्हणेल का?"

"म्हणेल. पण कॉफी विचारेल. तिच्याकडे सध्या कोणी पीत नाही."

तो रस्त्याने चालत गेला, लंगडत. मी खिडकीतून बघत होते. आरोग्यकेंद्राच्या पायरीवर राग्ना उभी होती. तो काहीतरी बोलला, बराच वेळ. ती खाली बसली. मग त्याने तिच्या बुटांकडे बोट करून काही विचारलं, बहुतेक मुंग्यांबद्दल, आणि तिने ओठ जरासे उघडून आत श्वास ओढला. तेवढं मला लांबूनही दिसलं.

दुरुस्तीची चिठ्ठी

विषय: गेल्या नोव्हेंबरमधील दोन नमुने, गाव क्वार्नविक.

एड्ला स्टेनवाल: एक्केचाळीस नव्हे, सोळा.

टोर्ग्नी स्टेनवाल (नाव त्यांच्या सहीने उघड): सोळा नव्हे, एक्केचाळीस. याच व्यक्तीचा चाळिशीच्या वेळचा नमुना कोठारातून काढून तपासला: अठ्ठावीस. आजार नाही.

नर्स राग्ना बुर्वाल यांचा कोणताही दोष नाही.

दुरुस्तीचं कारण: नळ्यांची अदलाबदल झालेली नव्हती. दोन्ही आकडे पहिल्यापासून बरोबर होते. अदलाबदल मी केली.

योर्डिस लिंडमार्क, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, निवृत्त